नंबर देशाचा, कर राज्याचा

कबनूरहून कर्नाटक गाठायला फार वेळ लागत नाही. इचलकरंजी ओलांडली, पंचगंगेचा पूल मागे टाकला आणि बोरगावची वाट धरली की तासाच्या आत राज्य बदलतं. महामार्गाने गेलं तर कागल सोडल्यावर कोगनोळीच्या टोलनाक्याशी तेच होतं. सूत, कापड, ऊस, दूध आणि लग्नाची वऱ्हाडं यांची ये-जा इथे रोजची आहे. त्यामुळे कबनूरच्या रस्त्यावर ‘केए पासिंग’ गाडी दिसली तर कुणी वळूनही पाहत नाही आणि निपाणीत ‘एमएच नऊ’ दिसली तर तिथेही कुणाला नवल वाटत नाही.

प्रश्न उभा राहतो तो बदलीची ऑर्डर हातात पडल्यावर. बँकेतल्या साहेबांची हुबळीला बदली होते, अभियंता मुलगी बंगळुरूत नोकरीला लागते, सुट्टी संपवून जवान पठाणकोटला परत निघतो. भांडीकुंडी ट्रकमध्ये चढतात आणि गाडीही सोबत जाते. मग घरात, ऑफिसात, एजंटाच्या टपरीवर तेच तेच प्रश्न निघतात. नंबर बदलावाच लागतो का? किती दिवसांत? इथे भरलेला रोड टॅक्स तिथे पुन्हा भरायचा का? पहिला परत मिळतो का? आणि ती ‘बीएच’ नावाची पाटी मिळते कुणाला?

या प्रश्नांची उत्तरं गोंधळाची वाटतात, कारण गाडीच्या कागदपत्रांत दोन वेगळे व्यवहार एकमेकांत गुंतलेले आहेत. नोंदणी केंद्राच्या कायद्याने होते आणि ती देशभर चालते. कर मात्र राज्याचा असतो आणि तो राज्याच्या हद्दीपुरताच चालतो. हा फरक ध्यानात ठेवला की बाकीचे नियम आपोआप जागेवर बसतात.

हद्द आली, कर आले

भारतात मोटारींसाठीचा पहिला देशव्यापी कायदा १९१४ सालचा. त्यानंतर १९३९ चा आला आणि आज चालतो तो मोटार वाहन कायदा १९८८ चा. तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. आपल्या ओळखीची ‘एमएच’, ‘केए’, ‘जीए’ ही अक्षरं याच काळात रुळली. एमएच ०७ सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी, ०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा आणि १२ पुणे हा क्रम आपल्याकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ असतो. पलीकडे बेळगावची केए २२ आणि चिक्कोडीची केए २३.

हद्दीचा इतिहास मात्र याहून रंजक आहे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यातच होता. म्हणजे त्यानंतरची साडेसात वर्षं कबनूर आणि निपाणी एकाच राज्यात नांदत होते आणि इकडची गाडी तिकडे नेण्यात राज्याचा प्रश्नच नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं आणि मधे रेघ आली. सीमाप्रश्नाची बाकीची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. गाडीच्या बाबतीत तिचा परिणाम लगेच कागदावर दिसला. पलीकडे १९५७ चा मोटार वाहन कर कायदा झाला, इकडे १९५८ चा. आजही दोन्ही राज्यं आपापला कर, वेळोवेळी दुरुस्त केलेल्या, त्याच कायद्यांखाली घेतात.

राज्यांना हा अधिकार राज्यघटनेने दिला आहे. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत ५७ व्या क्रमांकावर वाहनांवरील कर आहे. मोटार वाहनं हा विषय आणि त्यांच्यावरच्या कराची तत्त्वं मात्र समवर्ती सूचीत ३५ व्या क्रमांकावर आहेत, म्हणजे त्यावर केंद्रालाही कायदा करता येतो. एकाच गाडीवर दोन सरकारांचा हात असा पडतो.

तरीही जुन्या काळी बदलीवाल्याला फारशी डोकेदुखी नव्हती. कर तेव्हा वर्षाचा किंवा तिमाहीचा भरायचा आणि त्याचं गोल टोकन समोरच्या काचेवर लावायचं. राज्य बदललं तर पुढच्या मुदतीचा कर नव्या राज्यात भरला की झालं. पुढे राज्यांनी खासगी गाड्यांसाठी एकरकमी कर आणला. गाडी घेतानाच तिच्या साऱ्या आयुष्याचा कर शोरूममध्ये वळता होऊ लागला. दरवर्षीच्या रांगा गेल्या, वसुलीची कटकट गेली, सरकारच्या तिजोरीत पैसा आगाऊ आला. पण एक गोष्ट मागे पडली. पंधरा वर्षांचा कर एका राज्याला देऊन माणूस चौथ्या वर्षी दुसऱ्या राज्यात गेला, तर उरलेल्या अकरा वर्षांचं काय? बदलीवाल्यांच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी या एका प्रश्नातून निघतात.

बारा महिन्यांचा नियम

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या कायद्याचं कलम ४६ सांगतं की एका राज्यात नोंदलेली गाडी देशभर नोंदलेलीच समजली जाईल. त्यामुळे कोल्हापूर पासिंगची गाडी बंगळुरूत, इंदूरमध्ये किंवा गुवाहाटीत चालवणं हा गुन्हा नाही. ‘परराज्यातली गाडी’ एवढ्या एकाच कारणावरून तिला बेकायदा ठरवता येत नाही.

कलम ४७ पुढची गोष्ट सांगतं. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त काळ ठेवली, तर मालकाने तिथल्या आरटीओकडे नवा नोंदणी क्रमांक मागायचा. बारा महिने संपल्यावर अर्जासाठी नियमांनी ३० दिवस दिले आहेत. अर्ज फॉर्म २७ वर होतो. हे न केल्याबद्दल या कायद्यात असलेला दंड काही शेकड्यांतला आहे. खरा भुर्दंड असतो तो थकलेल्या कराचा आणि त्यावरच्या व्याजाचा.

या कलमात पाहायचं ते गाडी कुठे ठेवली आहे हे. माणसाची नोकरी कुठे आहे यावर ते अवलंबून नाही. कबनूरच्या परिसरातली चार उदाहरणं घेतली तर हे स्पष्ट होईल.

पहिलं, कबनूरहून पुण्याला गेलेला संगणक अभियंता. राज्य एकच, त्यामुळे त्याचा एमएच ०९ नंबर जन्मभर तोच राहतो. फक्त आरसीवरचा पत्ता बदलायचा. त्यासाठी कलम ४९ प्रमाणे ३० दिवसांची मुदत आहे आणि फॉर्म ३३ लागतो. पुण्यात गेल्यावर एमएच १२ करून घ्यावं लागतं, ही कोल्हापूरकरांची जुनी समजूत चुकीची आहे.

दुसरं, सुताच्या व्यापाऱ्याकडे काम करणारा वसुली प्रतिनिधी. आठवड्यातून तीन दिवस तो निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर फिरतो, पण रात्री गाडी कबनूरच्या घरासमोर लागते. अशी दहा वर्षं गेली तरी त्याला नंबर बदलायची गरज नाही.

तिसरं, शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावातला जवान. आपल्या जिल्ह्यातून सैन्यात जाणाऱ्यांची परंपरा मोठी, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रही शेजारी बेळगावातच. जवान सीमेवर आणि मोटार गावी वडिलांच्या अंगणात असेल तर काहीही करायचं नाही. तीच मोटार त्याने कुटुंबासह छावणीत नेली आणि तिथे वर्ष ओलांडलं, तर नियम लागू होतो. सैन्याच्या सरकारी गाड्यांवर वरच्या दिशेचा बाण असतो आणि त्यांची नोंदणी आरटीओकडे न होता संरक्षण खात्याच्या व्यवस्थेत होते. जवानाच्या स्वतःच्या गाडीला ही सवलत नाही.

चौथं उदाहरण उलट दिशेचं आहे. इचलकरंजी, कबनूर, यड्राव, तारदाळ या पट्ट्यातल्या यंत्रमागांवर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा आणि उत्तर कर्नाटकातून आलेले कामगार आहेत. गावाकडची मोटारसायकल रेल्वेच्या पार्सल डब्यातून आणायची आणि लूमच्या शेडसमोर उभी करायची, हे नेहमीचंच. यूपी पासिंगची ती गाडी इथे दोन-तीन वर्षं राहिली तर हाच बारा महिन्यांचा नियम तिलाही लागतो. बदलीचा नियम फक्त पगारदार साहेबांसाठी आहे असं कायद्यात कुठेही नाही.

एनओसीचा प्रवास

नवा नंबर घ्यायचा तर आधी जुन्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘एनओसी’. कलम ४८ तिच्याबद्दल आहे आणि अर्ज फॉर्म २८ वर करायचा असतो. आता ही कामं परिवहन खात्याच्या ‘वाहन’ पोर्टलवरून सुरू होतात. कोल्हापुरातून गाडी कायमची हुबळीला चालली असेल तर एनओसी घेताना तिथल्या आरटीओचं नाव निवडावं लागतं. हा कागद विशिष्ट कार्यालयाच्या नावाने निघतो, दुसरीकडे चालत नाही.

एनओसी देण्याआधी आरटीओ तीन गोष्टी पाहतं. गाडी चोरीची नाही ना, कराची बाकी नाही ना आणि गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची संमती आहे ना. चोरीची खातरजमा पोलिसांच्या नोंदींवरून होते. ई-चलनांची थकबाकी असेल तर अर्ज पुढे सरकत नाही. तावडे हॉटेलजवळच्या सिग्नलचं दोन वर्षांपूर्वीचं चलन लोकांना आठवतं ते नेमकं याच दिवशी. विमा आणि पीयूसीही चालू हवेत.

या साऱ्यात सर्वांत जुनं आणि तरीही अजून टिकलेलं काम म्हणजे चासीचा ठसा. प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर सतरा अंक-अक्षरांचा क्रमांक कोरलेला असतो. मोटारसायकलचा तो हँडलखालच्या मानेवर असतो, मोटारीचा बहुधा बॉनेटखाली नाहीतर पुढच्या सीटजवळच्या पत्र्यावर. त्यावर पातळ कागद किंवा कागदी चिकटपट्टी ठेवून पेन्सिल आडवी घासली की अक्षरं पांढरी उमटतात. हा ठसा फॉर्म २८ च्या प्रतींवर चिकटवतात. पत्र्यावर गंज आणि चिखल असेल तर आधी तिथे रॉकेलचं फडकं फिरवावं लागतं आणि तरीही ठसा एका दमात येत नाही. नव्या राज्यातला मोटार वाहन निरीक्षक गाडी समोर उभी करून हाच ठसा प्रत्यक्ष क्रमांकाशी ताडून पाहतो. सगळं पोर्टलवर असलं तरी हे काम हातानेच चालतं, कारण चोरीची गाडी पकडायचा हा सोपा आणि स्वस्त उपाय आहे.

कायद्याने नागरिकाला इथे एक हक्क दिला आहे, पण तो फार थोड्यांना ठाऊक असतो. अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत आरटीओने एनओसी द्यायची किंवा कारण लेखी देऊन नाकारायची. यातलं काहीच कळवलं नाही तर एनओसी दिली असंच धरलं जातं. म्हणून अर्जाची पोच आणि तारीख जपून ठेवावी.

एनओसी मिळाली की काम अर्धं झालं. नव्या शहरात फॉर्म २७, एनओसी, आरसी, विमा, पत्त्याचा पुरावा आणि गाडी स्वतः असा लवाजमा न्यायचा. तिथला कर भरायचा, निरीक्षकाकडून तपासणी करून घ्यायची आणि नवा नंबर घ्यायचा. त्या नंबराची उच्च सुरक्षा पाटी नव्याने बसवायची. विमा कंपनीला नवा नंबर कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्यायची, नाहीतर अपघातानंतर दाव्याच्या वेळी खुलासे करत बसावं लागतं. फास्टॅगवरचा नंबरही बदलायचा. आणि एनओसी घेतली पण बदलीच रद्द झाली, तर ती वापरली नसल्याची नोंद करून रद्द करून घ्यायची. तसं केलं नाही तर गाडी विकताना कोल्हापूरच्या नोंदीत ती अडकून पडते.

कोल्हापूरकराला यात एक वेगळंच दुःख असतं. लिलावात हजारो रुपये मोजून घेतलेला ०९ मधला चॉइस नंबर राज्य बदलताना गमवावा लागतो. घरच्या सगळ्या गाड्यांना एकच आकडा लावणाऱ्यांच्या या जिल्ह्यात बदलीपेक्षा याचंच वाईट जास्त वाटतं.

कर दोनदा भरायचा का?

भरायचा, पण पूर्ण नाही. नव्या राज्यात गाडीच्या वयानुसार कमी केलेला एकरकमी कर द्यावा लागतो. जुन्या राज्याकडून उरलेल्या काळाचा हिस्सा परत मागता येतो. महाराष्ट्राच्या कर कायद्यात राज्याबाहेर कायमच्या गेलेल्या गाडीसाठी परताव्याची तरतूद आहे. त्यासाठी नव्या राज्यातल्या आरसीची प्रत, कर भरल्याची मूळ पावती आणि बँक खात्याचा तपशील घेऊन जुन्या आरटीओकडे अर्ज करायचा.

कागदावर हे न्याय्य दिसतं. व्यवहारात दोन अडचणी येतात. पहिली रकमेची. आठ लाखांच्या पेट्रोल मोटारीवर महाराष्ट्रात ११ टक्के म्हणजे ८८ हजार रुपये कर होतो. कर्नाटकात त्याच किमतीच्या गाडीला मूळ दर १४ टक्के, म्हणजे १ लाख १२ हजार, आणि वर उपकर. वयानुसार सूट मिळाली तरी वाढीव दराचा फरक खिशातूनच जातो. दुसरी अडचण क्रमाची. नव्या राज्याचा कर आधी भरायचा आणि जुन्या राज्याचा परतावा नंतर मागायचा. मधल्या काळात पैसा माणसाचाच अडकतो, आणि परताव्यासाठी हुबळीहून कोल्हापूरच्या खेपा घालायला वेळ कुणाला असतो? बरेच जण तो नाद सोडून देतात.

दरांतल्या या तफावतीमुळे पळवाटाही निघतात. कर कमी असलेल्या राज्यात किंवा केंद्रशासित प्रदेशात पत्ता दाखवायचा, महागडी गाडी तिथे नोंदवायची आणि वापरायची मात्र आपल्या शहरात. केरळमध्ये पुदुच्चेरी पासिंगच्या आलिशान गाड्यांवरून मोठा गाजावाजा झाला तो यामुळेच. परराज्यातल्या गाड्यांकडे आरटीओ संशयाने पाहतं त्याचं मूळ इथे आहे, आणि त्यात खराखुरा बदलीवालाही भरडला जातो.

हा संशय किती टोकाला जाऊ शकतो हे कर्नाटकाने दाखवलं. २०१४ मध्ये त्या राज्याने आपल्या कर कायद्यात दुरुस्ती करून परराज्यातली गाडी ३० दिवसांहून जास्त राहिली की तिच्याकडून आजीवन कर घेण्याची तरतूद केली. बंगळुरूच्या रस्त्यांवर महाराष्ट्र, तमिळनाडू, केरळ, दिल्ली पासिंगच्या गाड्या अडवून जप्त होऊ लागल्या. त्यांत नोकरीसाठी नुकतीच तिथे गेलेली मराठी मुलंही होती. वाहनमालकांनी समाजमाध्यमांवर मोहीम चालवली, न्यायालयाची पायरी चढली आणि २०१६ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द ठरवली. केंद्राच्या कायद्याने बारा महिने दिलेले असताना राज्याने महिन्याभरात पूर्ण आयुष्याचा कर मागणं टिकलं नाही.

तरी रस्त्यावरच्या तपासणीत ‘गाडी वर्षाच्या आतच आणली आहे’ हे पटवून द्यायची वेळ येतेच. त्यासाठी बदलीची ऑर्डर, घरभाड्याचा करार, सामान हलवल्याची पावती आणि फास्टॅगवरची टोलची नोंद उपयोगी पडते. कोगनोळी नाक्यावर गाडी कोणत्या तारखेला गेली हे फास्टॅगच्या उताऱ्यात सापडतं. हा पुरावा कुणालाही सहज काढून देता येतो.

बीएच: हप्त्याने कर

बदलीवाल्यांची ही ओढाताण पाहून केंद्र सरकारने २६ ऑगस्ट २०२१ रोजी ‘भारत’ मालिकेची अधिसूचना काढली. ती १५ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाली. या मालिकेत नोंदवलेल्या गाडीला राज्य बदललं तरी नवा नंबर घ्यावा लागत नाही. पाटीवर आधी नोंदणीच्या वर्षाचे दोन अंक, मग ‘बीएच’, मग चार आकडे आणि शेवटी इंग्रजी अक्षरं येतात. २०२१ च्या गाडीवर ‘२१ बीएच’, २०२४ च्या गाडीवर ‘२४ बीएच’. पाटी खासगी गाड्यांसारखीच पांढरी आणि अक्षरं काळी. क्रमांक संगणक देतो, त्यामुळे इथे चॉइस नंबराची हौस भागत नाही.

हा नंबर संरक्षण दलातले कर्मचारी, केंद्र आणि राज्य सरकारांचे नोकर, सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी यांना घेता येतो. चार किंवा त्याहून जास्त राज्यांत वा केंद्रशासित प्रदेशांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांच्या नोकरदारांनाही तो मिळतो. सरकारी नोकराला ओळखपत्र पुरतं. खासगी नोकराला कंपनीकडून फॉर्म ६० वर प्रमाणपत्र आणावं लागतं. मालिका फक्त खासगी वापराच्या गाड्यांसाठी आहे. टेम्पो, रिक्षा, ट्रक यांचा परवान्याचा व्यवहारच वेगळा आहे.

पण या मालिकेचा खरा गाभा पाटीत नाही, कराच्या पद्धतीत आहे. इथे पंधरा वर्षांचा कर एकदम घेत नाहीत. दोन वर्षांचा, किंवा दोनच्या पटीतल्या वर्षांचा भरायचा. दहा लाखांपर्यंतच्या गाडीला ८ टक्के, दहा ते वीस लाखांना १० टक्के आणि त्यावर १२ टक्के असे दर आहेत. डिझेलला २ टक्के जास्त आणि विजेच्या गाडीला २ टक्के कमी. हे दर साऱ्या आयुष्याच्या कराचा पाया आहेत, एका वेळी भरायचा असतो तो त्यातला दोन वर्षांचाच वाटा. चौदा वर्षांनंतर कर दरवर्षी आणि आधीच्या निम्मा होतो. म्हणजे जुन्या टोकनाच्या दिवसांतली मुदतीने कर भरण्याची रीत नव्या रूपात परत आली. कर हप्त्याने असल्यामुळे परतावा मागायचं कारणच उरलं नाही.

डिसेंबर २०२२ मधल्या सुधारणेने आणखी दोन वाटा मोकळ्या झाल्या. आधीच राज्यात नोंदलेली गाडीही, मालक पात्र असेल तर, कर भरून बीएचमध्ये नेता येते. बीएचची गाडी अपात्र माणसाला विकता येते, पण मग तिची राज्यात नोंदणी करून तिथला कर भरावा लागतो. सेकंडहँड बीएच गाडी घेणाऱ्याने सौदा ठरवतानाच हा खर्च धरायला हवा.

बीएच घेणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे हप्ता विसरणं. शोरूमवाल्याने पहिला कर भरलेला असतो आणि दोन वर्षांनी त्याची आठवण करून द्यायला कुणी नसतं. थकबाकीवर दिवसागणिक दंड चढतो.

आता कबनूरच्या नजरेने ही यादी पुन्हा पाहा. राष्ट्रीयीकृत बँकेतला कारकून, पोस्टमन, जवान, जिल्हा परिषदेची शिक्षिका हे पात्र. कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या देशभर पसरलेल्या कंपनीचा पर्यवेक्षकही पात्र. पण महाराष्ट्र आणि कर्नाटक अशा दोनच राज्यांत शाखा असलेल्या बहुराज्यीय सहकारी बँकेचा अधिकारी अपात्र, आणि त्याची बदली तर सीमेपलीकडे हमखास होते. साखर कारखान्यातला केमिस्ट अपात्र. सायझिंगचा कारागीर, लूमवरचा जॉबर, उत्तर प्रदेशातून आलेला कामगार हेही अपात्र. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेला राज्याबाहेर कधीच जावं लागत नाही, तरी तिला बीएच मिळतो. ज्याचं पोटच राज्य बदलण्यावर चालतं त्या विणकराला मिळत नाही. पात्रता नोकरीवरून ठरवली, स्थलांतरावरून नाही, हा या योजनेतला मोठा दोष आहे.

जगात इतरत्र

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असं नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याची नोंदणी वेगळी असते. कॅलिफोर्नियात राहायला गेलेल्याला २० दिवसांत गाडी तिथे नोंदवावी लागते, टेक्सासमध्ये ३० दिवसांत. ह्यूस्टनहून सॅन होजेला गेलेल्या मराठी कुटुंबाला आपले बारा महिने म्हणजे चैनच वाटेल. जर्मनीत २०१५ पासून देशात कुठेही राहायला गेलं तरी जुनी पाटी ठेवता येते. नव्या ठिकाणी नोंद मात्र करावीच लागते.

बदली झाली तर

नियमांचा सारा पसारा शेवटी थोडक्या निर्णयांवर येतो.

मुक्काम वर्षाच्या आतला असेल तर नंबर बदलू नका. आणल्याच्या तारखेचा पुरावा आणि चालू विमा जवळ ठेवा. लायसन्स देशभर चालतं, त्याची चिंता करू नका.

मुक्काम तीन-चार वर्षांचा असेल तर टाळाटाळ करू नका. परताव्याची रक्कम गाडीच्या वयाबरोबर घटत जाते आणि थकलेल्या कराचं व्याज वाढत जातं. निघण्यापूर्वी कोल्हापुरात असतानाच चलनं भरा, कर्ज फिटलं असेल तर बोजा उतरवा आणि एनओसीचा अर्ज करूनच ट्रक भरा. तिकडे गेल्यावर या गोष्टींसाठी परत यावं लागलं तर सुट्टी आणि प्रवासखर्च दोन्ही जातात.

जुनी दुचाकी असेल तर हिशेब करा. एनओसी, नवा कर, पाटी आणि रेल्वेचं भाडं मिळून गाडीच्या किमतीच्या जवळ जात असेल, तर ती इथे विकून तिकडे दुसरी घेणं शहाणपणाचं. दिल्ली परिसरात बदली झाली असेल तर गाडी नेण्याआधी चौकशी कराच. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंधांचे आदेश निघालेले आहेत.

नवी गाडी घेताय आणि नोकरी बदलीची आहे, तर शोरूममध्येच बीएचबद्दल विचारा. दुकानदार स्वतःहून सांगेलच असं नाही.

सरकारकडे मागणी एकच आहे. हप्त्याने कर घेऊन देशभर एक नंबर चालवता येतो हे बीएच मालिकेने सिद्ध केलं आहे. मग ही सोय निवडक नोकरदारांपुरती का? ज्याला हवी त्या प्रत्येक वाहनमालकाला ती खुली करावी. कर ज्या राज्यात गाडी राहते त्यालाच मिळेल, त्यामुळे राज्याचंही नुकसान नाही. तोवर बदलीवाल्याने आपल्या गाडीची फाइल जपावी. त्यात कराची मूळ पावती सर्वांत वर ठेवावी, कारण नवी आरसी मिळते, नवी पाटीही मिळते, पण मूळ पावती हरवली तर परताव्यासाठी फार झगडावं लागतं.